६८ दिवसांचा हिशेब : मैदान, पेपर आणि घरची ओढ

रत्नागिरीत शिकणाऱ्या आणि फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींकडून, आणि तितक्याच वेळा त्यांच्या पालकांकडून, सत्र निम्म्यावर आले की दरवर्षी एकच प्रश्न येतो : परीक्षा तोंडावर आहे, खेळ सोडावा का? पालकांना उत्तर ‘हो’ हवे असते आणि मुलांना ‘नाही’. पण निर्णय घेण्याआधी दोघांनीही हजेरीपट उघडून बघितलेला नसतो. तो उघडला तर बहुतेक वेळा निराळेच चित्र दिसते. सत्र अडचणीत येते ते सामन्यांमुळे क्वचितच. ते अडचणीत येते न मोजलेल्या दिवसांमुळे आणि न लिहिलेल्या अर्जांमुळे. म्हणून खेळ सोडण्याचा विचार करण्याआधी पुढचा हिशेब कागदावर मांडा.

आधी दिवस मोजा

सत्र साधारण १५ आठवड्यांचे असते. शनिवारीही तास होत असतील तर शिकवण्याचे सुमारे ९० दिवस हातात येतात. मुंबई विद्यापीठाच्या नियमानुसार सर्व तास, प्रात्यक्षिके आणि ट्युटोरियल मिळून सरासरी ७५ टक्के हजेरी लागते, आणि प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे किमान ५० टक्के. विषयवार तासांची गुंतागुंत क्षणभर बाजूला ठेवली तर ९० पैकी ६८ दिवस हजर राहायचे आणि २२ दिवसांची मोकळीक, असा हा व्यवहार आहे. बावीस हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. घोटाळा तिथेच होतो.

लांजा, राजापूर, संगमेश्वर, गुहागरकडून आलेला आणि शहरात खोली घेऊन किंवा होस्टेलवर राहणारा विद्यार्थी शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीने घरी जातो आणि रविवारी परततो. यात काही गैर नाही. मेसच्या जेवणाला कंटाळलेल्या माणसाला घरचे जेवण हवेसे वाटणारच. पण दर आठवड्याला शुक्रवारी निघालात तर सत्रात १५ शनिवार गेले आणि उरले फक्त ७ दिवस. गणपतीत बहुतेक महाविद्यालयांना सुट्टी असते खरी. तरी कोकणातला मुलगा मखराच्या तयारीसाठी एक दिवस आधी निघतो आणि गौरीगणपती पोचवून, चाकरमान्यांना गाडीत बसवून एखाद-दोन दिवस उशिराच परततो. ते ३ दिवस गेले, उरले ४. पावसाळ्यात एकदा ताप आला की ते चारही संपले. म्हणजे फुटबॉलचा एकही दिवस न मोजता खाते रिकामे झाले! मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे ४ दिवस आले की नाव डिफॉल्टर यादीत लागते आणि दोष चेंडूवर जातो.

आता हाच हिशेब एक शनिवार सोडून एक शनिवार घरी जाणाऱ्याचा मांडा. त्याचे ८ शनिवार जातात, १४ दिवस उरतात. गणपतीचे ३ आणि तापाचे ४ वजा केले तरी ७ शिल्लक राहतात. जो शनिवारचे तास करून दुपारच्या गाडीने निघतो त्याचा तर एकही दिवस जात नाही. (सोमवारी पहाटेच्या गाडीने येऊन थेट वर्गात शिरण्याचा बेत मात्र टाळा. गाडी अर्धा तास उशिरा आली तरी पहिले दोन तास जातात, आणि खाडे दिवसांवर नव्हे, तासांवर लागतात.) घरी जाऊ नका असे कोणी सांगत असेल तर त्याचे ऐकू नका. फक्त कोणत्या वाराला आणि किती वाजता निघायचे हे ठरवा. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात ठरवलेत तर घरच्यांचीही सवय तशीच पडते.

एक सावधगिरी. तुमचे महाविद्यालय स्वायत्त असेल तर नियम त्याचे स्वतःचे असू शकतात. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली येते, तिथले नियम मुंबई विद्यापीठाचे नाहीत. प्रवेशाच्या वेळी मिळालेली माहितीपुस्तिका कपाटात पडली असेल तर काढा आणि हजेरीचे पान वाचा.

सामन्याचे दिवस हजेरीत धरले जातात, पण आपोआप नाही

खेळाडूंना सर्वांत कमी माहीत असलेला हक्क हा आहे. महाविद्यालयाच्या वतीने स्पर्धा, शिबिर किंवा अन्य सहशालेय उपक्रमात भाग घेताना बुडालेले तास, महाविद्यालयाने अधिकृत केलेल्या व्यक्तीने ते प्रमाणित केले असतील तर, विद्यार्थी हजर होता असे मानून हजेरीत जमा करावेत अशी तरतूद मुंबई विद्यापीठाच्या हजेरीच्या नियमातच आहे. ही कोणाची मेहेरबानी नाही. तरीही ती वाया जाते, कारण बहुतेक संघांत सगळे तोंडी चालते. ‘सरांना माहीत आहे’ हे वाक्य सत्राच्या शेवटी हजेरी समितीसमोर काही कामाचे नसते. जिमखान्याच्या सरांना तुम्ही खेळलात हे माहीत असते; रसायनशास्त्राच्या मॅडमना ते कोणी कळवलेले नसते. दोन विभागांमधला तो कागद तुम्हीच न्यायचा आहे.

स्पर्धेला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर एवढे करा :

- स्पर्धेचे पत्र किंवा वेळापत्रक जिमखान्यात आले की त्याची प्रत मागून घ्या. निदान मोबाइलवर फोटो काढा.
- स्पर्धेचे नाव, ठिकाण, जाण्यायेण्यासह तारखा आणि त्या दिवसांचे तास लिहून प्राचार्यांच्या नावे अर्ज करा. क्रीडा विभागप्रमुखांची सही आणि कार्यालयाची पोच घ्या.
- परतल्यावर आठवड्याच्या आत सहभागाचा दाखला जोडून प्रत्येक विषयशिक्षकाला एक प्रत द्या. सत्राच्या शेवटी सगळे एकदम देऊ म्हणाल तर हजेरीपट बंद झालेले असतील.
- मूळ प्रमाणपत्रे लॅमिनेट करू नका. पडताळणीला त्यावरचे सही-शिक्के नीट दिसावे लागतात.

या सवलतीला दोन मर्यादा आहेत. पहिली, ती महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या संघासाठी आहे. कोल्हापूरहून रत्नागिरीला शिकायला आलेल्या मुलांनी हे विशेष लक्षात घ्यावे. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम साधारण डिसेंबरात सुरू होतो आणि शाहू स्टेडियमवर उन्हाळ्यापर्यंत चालतो. तालमीच्या संघाकडून बोलावणे येते, आणि पेठेच्या अभिमानापुढे हजेरीपट कोणाला आठवणार? पण तो संघ कितीही नामवंत असला तरी ते दिवस तुमच्या स्वतःच्या २२ मधून जातात. आंबा घाटातून जाऊन-येऊन एका सामन्याला एक पूर्ण दिवस धरा, आणि सत्रात असे किती दिवस देऊ शकता तो आकडा संघाच्या व्यवस्थापकांना हंगामाच्या आधीच सांगा. चांगला व्यवस्थापक तेवढ्यात बसवून घेतो. जो बसवून घेत नाही त्याच्या संघात तुमची जागा कितपत पक्की आहे हेही त्यातून कळते.

दुसरी मर्यादा प्रात्यक्षिकांची. तास हजेरीत धरला गेला तरी न केलेला प्रयोग जर्नलमध्ये उगवत नाही. अंतर्गत चाचणी चुकली तर तीही वेगळी मागून घ्यावी लागते. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी निघण्यापूर्वीच दुसऱ्या बॅचबरोबर प्रयोग करण्याची परवानगी मागावी. नंतर मागितली तर प्रयोगशाळेचे साहित्य आवरलेले असते.

पेपरच्या दिवशीच सामना आला तर

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, आणि चुकीची किंमतही इथेच सर्वांत जास्त आहे. महाविद्यालय स्वतः घेते त्या सत्रपरीक्षेला, पूर्वपरवानगीने महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व करत असल्यामुळे किंवा आजारपणामुळे गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्यासाठी अतिरिक्त परीक्षेची सोय असते. यातला जड शब्द ‘पूर्वपरवानगी’. सामना खेळून आल्यावर केलेला अर्ज हा परवानगीचा अर्ज नसतो, ती विनवणी असते. प्राचार्यांची लेखी संमती हातात येईपर्यंत तुमचा पेपर ठरल्या दिवशीच आहे असे धरून चला. परीक्षा विद्यापीठ घेत असेल तर ही वाट बरीच अरुंद होते. तिथे स्थानिक किंवा विभागीय सामन्यासाठी पेपर सोडण्याचा जुगार खेळू नका. पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी विद्यापीठाच्या संघात निवड झाली असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा महाविद्यालयामार्फत विद्यापीठाच्या क्रीडा आणि परीक्षा अशा दोन्ही विभागांना लेखी कळवा आणि उत्तर लेखीच मागा.

काही जण म्हणतील की एवढी कागदपत्रे करण्यापेक्षा क्रीडागुण मिळतात, त्यात भागते. भागत नाही. क्रीडागुण थोडक्यासाठी अडलेल्याला हात देतात. न दिलेल्या पेपरला ते लागू पडत नाहीत. शिवाय तेही आपसूक मिळत नाहीत, प्रस्ताव क्रीडा विभागाकडून वेळेत जावा लागतो.

अर्ज नाकारला आणि तो नियमाविरुद्ध नाकारला असे तुम्हाला वाटत असेल तर गप्प बसू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयासाठी विद्यार्थी तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. समितीने तक्रार मिळाल्यापासून कामाच्या १५ दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो, आणि तो मान्य नसेल तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे १५ दिवसांत दाद मागता येते. पोच घेतलेल्या अर्जाची किंमत खरी इथे कळते. तोंडी संभाषणाची तक्रार करता येत नाही.

पावसातला सराव, ताप आणि मोडलेले बोट

कोकणात विद्यापीठ स्पर्धांची तयारी भर पावसात होते. चिखलात खेळण्याचा आनंद कोणी हिरावून घेऊ नये, पण लेप्टोस्पायरोसिस हा इथला खरा धोका आहे. उंदीर आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून हे जंतू त्वचेवरच्या जखमांवाटे शरीरात शिरतात, आणि फुटबॉल खेळणाऱ्याच्या नडग्या-घोट्यांवर खरचटलेले नाही असा आठवडा जात नाही. जखम असताना तुंबलेल्या पाण्याच्या मैदानावर उतरू नका. मोजे, शिन पॅड आणि बूट पूर्ण घाला, खेळ संपताच पाय साबणाने धुवा. थंडी वाजून ताप, पोटऱ्यांमध्ये जबर दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर क्रोसिन घेऊन खोलीवर झोपू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि चिखलात खेळत होतो हे आवर्जून सांगा, कारण त्या एका वाक्याने निदानाची दिशा ठरते. लवकर उपचार झाले तर आजार आटोक्यात येतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर जातो. डॉक्टरांचा दाखला आणि तपासण्यांचे कागद जपून ठेवा. गंभीर आजारातल्या गैरहजेरीसाठी प्राचार्यांकडे सवलत मागता येते, तीही कागदांवरच.

गोलकीपरने एक गोष्ट लक्षात ठेवावी. लिहित्या हाताचे बोट परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मोडले तर लेखनिक मिळू शकतो. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रासह अर्ज लागतो आणि लेखनिक सहसा तुमच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. असा माणूस पेपरच्या सकाळी सापडत नाही. पण त्याहून सोपा मार्ग म्हणजे पहिल्या पेपरच्या दहा दिवस आधीपासून सामने पूर्ण बंद ठेवणे. संध्याकाळचे ४० मिनिटे धावणे आणि पासिंग चालू ठेवा. टॅकल करण्याचे खेळ नकोत. परीक्षेच्या काळात खेळ पूर्ण सोडल्याने अभ्यास वाढतोच असे नाही. दिवसभर बसलेल्या शरीराला झोप लागत नाही आणि सुटलेली संध्याकाळ मोबाइलवर जाते.

पाहणारे आणि खेळणारे

पालक ज्याला ‘फुटबॉलचे वेड’ म्हणतात त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. खेळणारा संध्याकाळचा दीड तास देतो. पाहणारा रात्र देतो. चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने मंगळवारी-बुधवारी आपल्याकडे हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर दीडला आणि मार्चअखेरीनंतर साडेबाराला सुरू होतात, आणि बाद फेऱ्या फेब्रुवारी ते मे या काळात येतात. म्हणजे नेमक्या दुसऱ्या सत्राच्या परीक्षांच्या आसपास. कतारचा २०२२ चा विश्वचषक २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर असा ऐन सत्रपरीक्षांच्या दिवसांत होता आणि त्याचेही अनेक सामने रात्री साडेबाराचे होते. २०२६ च्या स्पर्धेचे दिवस, ११ जून ते १९ जुलै, त्या मानाने अभ्यासाला सोयीचे. सकाळी ११ ला पेपर असताना पहाटे साडेतीनला झोपणाऱ्याने आठवलेले उत्तरही अर्धवट लिहिले तर दोष मैदानाचा नाही. परीक्षेच्या पंधरवड्यात रात्रीचे सामने बंद, सकाळी दहा मिनिटांची क्षणचित्रे चालू, एवढा नियम पुरतो. पालकांनीही मैदानावर बंदी घालण्याआधी रात्री खोलीतला दिवा किती वाजता बंद होतो हे विचारावे.

घरी जाणे, घरच्यांचे येणे

कोकणातल्या घराचे बोलावणे दोन वेळा टाळता येत नाही, गणपतीत आणि शिमग्यात. गणपती पहिल्या सत्राच्या मध्यावर येतो, तेव्हा प्रश्न फक्त हजेरीचा असतो. शिमगा फाल्गुनात, दुसऱ्या सत्राच्या परीक्षा जवळ आल्या असताना. गावाची पालखी घरी यायची आणि घरातला तरुण मुलगा नाही, हे आईवडिलांना लागते. त्याला अंधश्रद्धा किंवा हट्ट म्हणून झटकणे बरोबर नाही. पण शिमग्याचे सगळे दिवस गावात काढण्याची गरज नसते. आपल्या घरी पालखी कोणत्या दिवशी येते हे गावच्या मानकऱ्यांकडून आधीच कळते. तो दिवस आणि एक रात्र, एवढे ठरवून जा.

जाण्यायेण्याची सोय हाही अभ्यासाच्या नियोजनाचा भाग आहे. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. गणपतीच्या गाड्या पाहता पाहता भरतात, म्हणून तारीख वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, जुन्या वेळेच्या भरवशावर पेपरच्या आदल्या रात्री निघू नका. सुट्टीत मूळ गावी जाण्यासाठी विद्यार्थ्यांना एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, तिची चौकशी बोनाफाईड दाखला घेऊन आगारात करा.

बऱ्याचदा हिशेब उलटा फिरवणे जास्त शहाणपणाचे ठरते. तुम्ही जाण्याऐवजी घरच्यांना बोलवा. मार्च २०२३ पासून महिलांना राज्यात एसटीचे अर्धेच तिकीट पडते, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि ७५ पूर्ण केलेल्या आजी-आजोबांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. आई आणि आजी येऊन गेल्या तर तुमचा एकही तास बुडत नाही. फक्त कधी यायचे ते तुम्ही सांगा. पेपरच्या आदल्या संध्याकाळी आलेली आई डबा देऊन लगेच निघाली तरी तुमचे दोन तास मोडतात, कारण आईला स्टँडवर एकटी सोडून अभ्यासात मन लागत नाही. दोन पेपरांमध्ये तीन दिवसांचे अंतर असेल तर पहिला पेपर संपल्याची दुपार सर्वांत उत्तम. मांडवीच्या जेटीवर किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर तासभर बसा, जेवा, संध्याकाळच्या गाडीला त्यांना बसवा. होस्टेलवर राहत असाल तर रेक्टरांना आधी कळवा. त्याहून चांगले म्हणजे त्यांना सामन्यालाच बोलवणे. ज्या पालकांनी मुलाला मैदानावर कधी पाहिलेले नसते त्यांच्यासाठी फुटबॉल म्हणजे चिखलाचे कपडे आणि सुजलेला घोटा, एवढेच असते.

मुलींच्या बाबतीत घरची परवानगी हा वेगळा अडथळा असतो, आणि तो ‘जमाना बदलला’ असे म्हणून सुटत नाही. पालकांची काळजी ठोस असते : कोण बरोबर आहे, मुक्काम कुठे, परत कधी. तिला उत्तरही ठोस द्या. संघाबरोबर महिला व्यवस्थापक जाणार आहेत का हे क्रीडा विभागाला विचारा, त्यांचा नंबर आणि मुक्कामाचा पत्ता घरी पाठवा. स्पर्धेचे पत्र मराठीतून समजावून सांगितले तर बरेच वडील ‘जा’ म्हणतात.

‘यातून मिळणार काय?’ हा पालकांचा आक्षेप मात्र प्रामाणिकपणे घ्यायला हवा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण निव्वळ आंतरमहाविद्यालयीन सहभागावर ते मिळत नाही. त्याला वरच्या स्तरावरची कामगिरी आणि प्रमाणपत्राची पडताळणी लागते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात खेळ हा श्रेयांक असलेला सहअभ्यासक्रम झाला आहे, हे खरे, पण ते श्रेयांक थोडे. तेव्हा नोकरीचे आमिष दाखवून परवानगी मिळवू नका. आठवड्याला सहा संध्याकाळी वेळेवर मैदानावर जाणारा विद्यार्थी उरलेला दिवस बहुधा जास्त नेटका वापरतो, हे घरच्यांना एका सत्राच्या निकालातून दाखवता येते, आणि ते दाखवण्याची जबाबदारी तुमची आहे.

परीक्षेचे वेळापत्रक लागले की त्याच दिवशी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका. खाली लिहा : मधली सुट्टी या तारखेला आहे, त्या दिवशी दुपारी या, शेवटचा पेपर या तारखेला, त्यानंतरच्या रविवारी आमचा सामना आहे, तो पाहायलाही या.